निरंक

आमच्या खात्यात शून्य लिहीत नाहीत.
शून्य दिसतं, उघड्या तोंडासारखं.
आम्ही लिहितो, निरंक.
एकोणीस वर्षं कोसमटोल्याच्या आरोग्य केंद्रात
औषधांच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला,
हा शब्द हातात इतका मुरलाय
की परवा किराण्याच्या यादीत
साखरेपुढे निरंक लिहून बसले.

एकतीस मार्चला पैसे आले.
म्हणजे वर्षभर यायचे होते ते,
संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी.
वाळवलेली मोहफुलं बाया अंगणातून भरत होत्या,
आणि तालुक्याचे उईके साहेब फोनवर:
बारा वाजायच्या आत खर्च दाखवा, बाई,
नाहीतर वापस जाते सगळं,
अन् पुढच्या साली वरचे म्हणतीन
तुमाले गरजच नाई.

मी म्हटलं, हायड्रॉक्सीयुरिया.
सिकलसेलची एक्केचाळीस लाल कार्डं माझ्याकडे,
जानेवारीपासून गोळी नाही.
त्याचा दरकरार झाला नाई अजून.
मग सापाचं इंजेक्शन, रोवणीच्या आधी?
ते वरून येते.
फ्रिजची बॅटरी?
ते वेगळं हेड.
मग दरकरार झालाय तरी कशाचा?
कागद उलटल्याचा आवाज आला.
खुर्च्यांचा, बाई.

चोवीस खुर्च्या. निळ्या, स्टीलच्या पायांच्या.
ट्रॅक्टरमधून उतरल्या तेव्हा पोरं जमली होती.
उपयोगिता प्रमाणपत्रावर मी सही केली
आणि खरं सांगते, अक्षर छानच आलं.
आदल्या साली सगळेच परत गेले होते ना.

मग आषाढ. रैनू नैताम आला,
पंधरा-सोळाचा, आईच्या खांद्यावर अर्धा लोंबकळत,
खोब्रागडीच्या रपट्यावरच्या गुडघाभर पाण्यातून.
दोन दिवस रोवणीच्या चिखलात वाकलेला.
दुखणं हाडात शिरलं होतं,
मांडीत, पाठीत, हात लावाल तिथं.
डॉक्टरची खुर्ची फेब्रुवारीपासून रिकामी,
तक्त्यात मात्र पद मंजूर.
मी दिलं जे होतं ते:
तापाची गोळी, फॉलिक अ‍ॅसिड,
गरम पाण्याची बाटली माझ्या डब्याच्या पिशवीतली.
आणि म्हटलं, बस बाबू.
बसायला आहे.

तो बसला, कठडे घट्ट धरून.
सोमारीबाई खाली फरशीवर,
ओठांनी उगाच खुर्च्या मोजत.
मग म्हणाली, लय झाल्या वो बाई.
पावणे येनार हायेत का?

रैनू वाचला. हे आधीच सांगायला हवं होतं,
अशा हकिगतीत पोरगं जाणारच
असं तुम्ही धरून चालता.
एकशे आठची गाडी तीन तासांनी आली, रक्त मिळालं,
डावा खुबा तेवढा कायमचा गेला.
मेला नाही, म्हणून मृत्यूच्या रकान्यात नाही.
साथ नव्हे, म्हणून साथीच्याही नाही.
गोळी नव्हती म्हणून रिकाम्या हाती गेलेले,
असा रकाना आमच्या नमुन्यात नाही.

मी आखला. पट्टी घेऊन, पेन्सिलीनं,
समासाच्या अगदी कडेला.
नावं मावेनात, मागच्या पानावर गेले.
बैठकीत साहेबांनी पान उलटलं,
बराच वेळ काही बोलले नाहीत.
त्यांची भाची लाल कार्डाची, हे मला ठाऊक आहे.
मग म्हणाले, नमुना बदलता येत नाई, बाई,
आणि खोडरबर माझ्याकडे सरकवला,
हळूच, चहाचा कप सरकवावा तसा.

खोडल्यावरही कागदावर वळ राहतात.
उजेडात तिरका धरला की वाचता येतं.

रैनू दर सोमवारी येतो,
शेळ्या बाहेर बोरीखाली सोडून, पाय ओढत.
कार्ड दाखवतो. मी मान हलवते.
मग तो त्याच खुर्चीत थोडा वेळ टेकतो,
खिडकीतून शेळ्यांवर नजर ठेवून.
उठताना म्हणतो,
खुर्ची मात्र बरी हाय.