कर्ता अध्याहृत

रात्री साडेअकराला पान सात सुटतं.
परदेश. चार कॉलम, त्यातला एक टायरवाल्याच्या जाहिरातीचा.
एजन्सीचा मजकूर इंग्रजीत येतो, मी मराठी करते.
चौदा वर्षं तेच युद्ध,
खुर्ची तेवढी दोनदा बदलली.

हाताला सवय झाली आहे.
नदीच्या अलीकडचे मरतात तेव्हा
त्यांना वय असतं, मागे राहिलेला कुत्रा असतो,
एकीचं तर पुढच्या गुरुवारी लग्न होतं.
तो गुरुवार मी मथळ्यात घेतला होता.
पलीकडचे मृत्युमुखी पडतात,
जिन्यावरून पडावं तसे.
आकडा, मग ‘असा दावा’, मग पूर्णविराम.
अलीकडच्या आकड्याला दावा लागत नाही.

बोकील म्हणतात, “बाराच ओळी आहेत. कर्ता कापा,
वाचकाला कळतं.”
वाचकाला काय कळतं ते मला
सदाशिव पेठेतून येणाऱ्या पत्रांवरून ठाऊक आहे:
शब्दकोड्यात आडवा सात चुकला होता.

शाळेत टेंबेकर बाई प्रयोग शिकवायच्या.
रामाने रावणास मारले.
भावे, म्हणायच्या, इथे क्रियापद कुणाचंच ऐकत नाही.
पण बाई, फळ्यावर ‘रामाने’ होतं.
खडूने, ठळक, शेवटच्या बाकावरून दिसेल असं.

मग एकदा इस्त्रीवाल्या बन्सीने गठ्ठे बदलले.
कोंढव्यात आमच्या वरच्या मजल्यावर
परदेशी पोरं राहतात, फार्मसीची.
त्यातला वाएल माझे तीन कुर्ते घेऊन दारात,
आणि त्याचे शर्ट कधीतरी ज्यात बांधून आले होते
तो कागद, चार घड्या घालून, खिशात.
पान सात. मागच्या मंगळवारचं.
फोटोवर बोट ठेवून म्हणाला,
“ये हमारा बेकरी है. था.”
मग, “नीचे क्या लिखा है?”

मी लिहिलेलं मीच वाचून दाखवलं.
चकमकीत एकोणीस ठार.
चकमक म्हणजे? म्हटलं, दोन्हीकडून, म्हणजे…
“लाइन में लोग थे. रोटी की.”
मग जरा वेळाने, “किसने, वो नहीं लिखा?”
जागा नव्हती, मी म्हणाले.
हे मराठीत म्हणाले. हिंदीत जीभ वळेना.

गावाचं नाव तरी असं नाही, म्हणाला,
आणि उच्चारलं ते, घशाच्या तळातून,
आपल्या बाराखडीत नसलेलं एक अक्षर.
चौदा वर्षं मी त्याच्या माणसांना
भलत्याच गावात नेऊन मारत होते.
चारदा म्हणवून घेतलं त्याने माझ्याकडून.
कुर्ते तसेच हातावर.

त्या रात्री पुन्हा तेच गाव. सहा.
एजन्सीच्या मजकुरात कर्ता नव्हता
आणि मी काही तिथे नव्हते.
वाएलच्या मावसभावाच्या फोनवर बातमी चालत नाही,
हे खरं. त्यालाही एक बाजू आहे, तेही खरं.
‘ठार’च्या अलीकडे कर्सर लुकलुकत राहिला.
शेवटी चकमक खोडली, हल्ला लिहिलं.
‘हल्ला कुणी केला ते वृत्तात नाही’
अशी एक ओळ घुसवली,
टायरवाल्याला धक्का न लावता.
गावाच्या नावात ख होता,
त्याच्या पायाशी नुक्ता दिला.

सकाळी अंक उघडला.
ओळ बोकिलांनी उडवलेली.
हल्ला राहिला होता, नजरेतून सुटला असणार.
नुक्ता नाही.
मुद्रितशोधक पटवेकर म्हणाले,
“अहो, मला वाटलं प्रुफावर माशीने घाण केली.”

बन्सीकडे रद्दी आमच्याच ऑफिसातून जाते, किलोवर.
मी त्याला काही बोलले नाही.
तरी परवा वाएलचा गठ्ठा क्रिकेटच्या पानात होता
आणि माझा पान सातमध्ये.
दोरा अजून सोडलेला नाही.