एका माणसाचा डबा

रिटायर झाल्यावर
यार्डातल्या शिट्ट्या ह्यांच्या कानातून उतरायला
सहा महिने लागले.
मग एका बुधवारी लुना पुसली
आणि म्हणाले, हतनूरला जाऊन येतो,
थंडीत धरणावर लांबलांबचे पक्षी उतरतात.

मी म्हटलं, मले बी न्या.

चपलेत पाय घालता घालता हे थांबले.
नाही म्हणाले नाहीत,
फक्त चपलेचा अंगठा शोधत राहिले
बराच वेळ.

तेवढ्यावर समजायला हवं होतं.
मी समजले नाही, हिशोब काढला.
चौतीस वर्षांचा.
रात्रपाळीचे डबे,
मे महिन्यात भुसावळचं ते पत्र्याचं क्वार्टर,
खिडकीला ओल्या चादरी, सासूबाईंचं अंथरूण,
पहाटे तीनला दार उघडून विचारलेलं
‘जेवणार का?’
सगळं मांडलं आणि खाली रेघ मारली.
बाकी यांच्याकडे निघत होती.

शेजारची सिंधू नारखेडे म्हणाली,
माणसाले इतकं मोकळं सोडू नही वहिनी,
केळीच्या घडाले बी टेका लागते.

मग मी डब्यात दोघांचं जेवण भरायला लागले.
एवढं वजन हातात आल्यावर तरी कळेल, म्हटलं.
डबा अर्धा परत यायचा.
मी अर्धं भांडण करायचे,
उरलेलं अर्धं भांड्यांवर.

जानेवारीत एकदा
न सांगता गेले मागोमाग.
वरणगावपर्यंत एसटी, पुढे रिक्षा,
पुढे नुसती वाट,
हातात त्यांच्यासारखाच एक डबा.

हे पाण्याकडे तोंड करून बसलेले.
दुर्बीण मांडीवर पालथी.
पक्षी होते शेकड्यांनी,
पण हे पक्षीही बघत नव्हते.
येताना मी ठरवलं होतं,
कोणी असेल सोबत तर काय बोलायचं.
कोणी नव्हतं.
त्या चेहऱ्यावरही कोणी नव्हतं,
मुलं नव्हती, यार्ड नव्हतं,
मी नव्हते.
मला राग यायला हवा होता.
देवघरात कोणी डोळे मिटून बसलं असलं
की पाऊल आपोआप मागे येतं ना,
तसं आलं.

बाभळीखाली बसले, त्यांना दिसणार नाही अशी.
डबा उघडला.
कळण्याची भाकरी, ठेचा, रात्रीचं भरीत.
आणि लक्षात आलं,
लग्न झाल्यापासून एकटी अशी
मी कधी जेवलेच नाही.
जेवले ती वाढता वाढता,
एक कान दुसऱ्याच्या ताटाकडे ठेवून.

भरतात मीठ जास्त होतं.
मला जास्त मीठ आवडतं.
हे मला माहीत नव्हतं.

किती वेळ बसले, सांगता येत नाही.
पाणी होतं, ऊन होतं,
आणि ते दोन्ही बघणारं कोणीतरी आत होतं,
जे इंदू नव्हतं, भारंबेबाई नव्हतं,
कोणाची आई नव्हतं,
आणि तरी परकं अजिबात नव्हतं.
त्याला नाव विचारावंसं वाटलं नाही.

हाक न मारता परतले.
गाडीच्या खिडकीतून केळीच्या बागा मागे पळत होत्या,
बुंध्यांना बांबूचे टेके.
सिंधूचं बोलणं आठवलं, म्हणून नीट पाहिलं.
टेका टेकूनच उभा असतो,
घड आपल्या वजनाने वाकतो, आपल्या दिशेने.

संध्याकाळी हे आले. हातपाय धुतले.
माझ्या पदरात बाभळीचा काटा अडकला होता,
मला दिसला नव्हता.
त्यांनी तो अलगद काढला,
उजेडाकडे धरून पाहिला,
आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवला.

विचारलं काही नाही.

आता बुधवारी मी एका माणसाचा डबा भरते.
नंतर तव्यावर माझी भाकरी टाकते.
मीठ जरा जास्त.
काटा अजून तिथेच आहे.
दोघंही त्याच्या बाजूने फडकं फिरवतो.