गट नंबर एकशे अठरा

सातबाऱ्यावर लिहिलंय : पोटखराबा.
हेक्टर शून्य, आर चौसष्ट.
पिकाच्या रकान्यात एक आडवी रेघ.

त्या रेघेवर मी वाकलेय कार्तिकात,
येवल्याहून ममदापूरला येताना डावीकडे
जिथं डांबर संपतं त्याच्या पुढं,
कमरेला पिशवी.
ओरबाडायचं नाही, म्हाळू ठेलारी सांगतो.
कणीस चिमटीत धर, वर सरक.
पिकलं असेल ते आपणहून येतं,
नसेल ते उद्याचं.

मारवेल कशी ओळखायची?
पेराशी बघ.
पेरापेराला पांढऱ्या केसांचं कडं,
इतकं बारीक की वाऱ्याला पाठ देऊन
श्वास धरून बघावं लागतं.
मग काडी चाव. गोड लागली, तर तीच.
कुसळी गोड नसते, आणि सोडतही नाही,
रात्री भाकरी थापताना
परकराच्या काठात बोलते.

वनखात्याच्या वहीत शब्द आहे : बहुवर्षायू.
म्हणजे किती वर्षं, मी म्हाळूला विचारलं.
त्यानं मेंढ्यांकडे पाहिलं,
मग स्वतःच्या काठीकडे.
"ठोंब तोच हाय. काठ्या चार झाल्या."

वणव्याच्या साली माळ सगळा काळा,
काळवीट काळ्यावर दिसेना,
नुसती शिंगं चालत होती.
अकराव्या दिवशी राखेत हिरवी सुई.
पाऊस नव्हता.
दव होतं थोडं,
आणि खाली काहीतरी ठेवलेलं होतं.

काय ते मला नंतर कळलं.
पलीकडच्या हद्दीत झाडं लावायला मशीननं चर मारला
(माळ मोकळा दिसला की कुणाला तरी
झाडं आठवतात),
त्या चरात मी उतरले, सावलीला, डबा खायला.
भिंतीतून मुळं लोंबत होती,
वरचं गवत माझ्या कमरेइतकं,
ही माझ्या छातीच्या खाली उतरलेली.
डबा तसाच राहिला.

झाडं दुसऱ्या उन्हाळ्यात गेली.
चर आहे अजून. त्याच्या कडेवरून
मारवेल आडवी होऊन उतरतेय,
पेर टेकवते, मूळ सोडते,
पुन्हा पेर.

संध्याकाळी काट्यावर
दिवसभराचं भरलं सातशे ग्राम.
कचरा धरून, म्हणतो मुकादम,
आणि ताटातल्या बियांवर फुंकर घालतो.
मी आकड्याकडे बघत नाही.
फुंकर कुठं पडली
ते बघून ठेवते.