भट्टीकडे तोंड

उद्यमबागेत रात्री वीज स्वस्त,
म्हणून आमचं लोखंड रात्रीच वितळतं.
मी लॅबमध्ये. रुपयाएवढी चकती येते, ऊन ऊन,
घासायची, तिच्यावर ठिणगी पाडायची, उजेड वाचायचा:
कार्बन साडेतीन, सिलिकॉन दोन, गंधक जरा जास्त.
ताऱ्यांचंही असंच वाचतात, मी भरमाण्णाला सांगितलं.
फक्त चकती कुणी आणून देत नाही.

मे महिन्यात, साडेदहाच्या जेवणानंतर,
आम्ही स्क्रॅपच्या ढिगावर चढतो.
खानापूरच्या अंगाला, पाण्याच्या टाकीच्या जरा वर
मित्र दिसतो. त्याच्या शेजारी एक आहे,
लाल, बुटका, मला कधीच न दिसलेला.
सगळ्यांत जवळचा. उजेडाला सव्वाचार वर्षं.
कमी खातो, म्हणून आपला सूर्य विझला तरी जळत राहील.
त्याच्याभोवती एक जग फिरतं, अकरा दिवसांचं वर्ष.
“मग बोनस कितीदा?” भरमाण्णा म्हणाला.

पण तो तारा भडकतो.
निवांत निखारा, आणि एकाएकी
हे मला समजावून सांगावं लागलं नाही.
नीट न शेकलेलं लेडल, आत बोटभर ओल,
वरून चौदाशे अंशांचं लोखंड:
भरमाण्णाची डावी भुवई तेव्हापासून उगवलेली नाही.
तिथली हवाही अशीच गेली असेल,
भडक्यामागून भडका, सोलून निघाली असेल.
किंवा नसेल. पाण्याखाली, दगडाआड
काही तग धरून असेल. कुणालाच माहीत नाही.

आणि ते जग बहुधा कूस बदलत नाही.
एक तोंड कायम ताऱ्याकडे,
दुसरीकडे न सरणारी रात्र,
मधे सांजेचा एक पट्टा,
ना इकडचा ना तिकडचा.
भरमाण्णा हसला. त्याची शाळा मराठीत,
रेशनकार्ड कन्नडात, शिव्या दोन्हींत.
“पट्ट्यात ऱ्हायला येतंय की.”
मग बराच वेळ गप्प.
बावीस वर्षं भट्टीकडे तोंड करून उभा माणूस,
छाती तांब्याची, पाठ डिसेंबरातल्या फरशीसारखी.
“तितं कोण असंल, तर पाठ कशी शेकत असंल गं?”

मला उत्तर येत नव्हतं. भोंगा झाला.

जूनमध्ये भट्टीचं पॅनेल दुरुस्तीला उघडलं.
आतल्या बाजूच्या पत्र्यावर
कुंभारणीनं घर बांधलेलं,
आमच्याच साच्यांच्या काळ्या मातीचं,
चार कोठ्या, तीन लिंपलेल्या, एक उघडी.
भट्टी तिथून सहा हातांवर.
मोनाप्पा स्क्रूड्रायव्हरनं खरवडायला गेला,
भरमाण्णानं नुसतं त्याचं मनगट धरलं.
वायर दुसऱ्या बाजूनं ओढली. पाऊण तास जास्त गेला,
सुपरवायझर बोलायचं ते बोलला.

मग हीट लागली.
मी चकती घासली, ठिणगी पाडली.
गंधक अजूनही जरा जास्त.