विषय तिसरा

सभा बुधवारी ठेवली, कारण मंगळवारी नळ येतो
आणि नळाच्या दिवशी आमच्या गल्लीत
क्रांतीसुद्धा घागरीमागं रांगेत उभी राहते.

जागा: पाच्छा पेठ, कोंडा शेठचा बंद कारखाना.
माग भंगारात गेले. त्यांच्या पायांचे चौकोन
फरशीवर तेवढे राहिलेत, काळे, तेलकट.
ते चुकवून बायका बसल्या.
उपस्थिती: मला सोडून एक्केचाळीस.
पुरुष नऊ, त्यातले सहा दारात, चपला न काढता.

वही माझ्याकडं असते.
लहानपणी कारखान्याच्या कार्डावर आईची सही मीच करायचे,
त्यातूनच हे काम मागं लागलं असावं.

विषय पहिला, हजार विड्यांमागची मजुरी.
विषय दुसरा, छाट म्हणून मूठमूठ विड्या उचलून घेणं.
यल्लप्पा मास्तर मराठीत सुरू झाले,
चिडले तसे तेलुगूत गेले,
आकडे मात्र कन्नडमध्ये मोजले.
कुणी काही परत विचारलं नाही.
खाली कात्र्या चालू.
आमच्या सभेत टाळ्या नसतात, हात रिकामे कुठं असतात?
मांडीवर सूप, सुपात पान, पानाला कात्री,
मुद्दा पटला की कात्री जरा जोरात वाजते.
बाहेरचा एक पाहुणा म्हणाला होता, या बायका ऐकत नाहीत.
त्याला परत बोलावलं नाही.

विषय तिसरा कुणी लिहून दिला नव्हता.
शनिवारी रात्री मोबाइलवर कसला तरी फोटो फिरला,
कुठल्या गावचा, कुठल्या सालचा, कुणास ठाऊक,
आणि विजापूर वेशीच्या अलीकडं
जैनुद्दीनची रिक्षा जळाली.
रिक्षा म्हणजे अजून बावीस हप्ते.

त्याची आई हाजराबी उठली नाही. बसूनच म्हणाली,
‘कुणाचं नाव नको मला. चौकीत पण जायचं नाही.
फक्त त्या पोरानं येऊन सांगावं,
रिक्षाच्या मागं माझ्या नातीचं नाव होतं,
ते त्यानं वाचलं होतं का.’

आणि कात्र्या थांबल्या.

श्रद्धांजलीला थांबत नाहीत त्या.
मंत्री आला होता तेव्हाही थांबल्या नव्हत्या.
मी सवयीनं घड्याळ बघितलं.
दोन मिनिटं. मिनिटाला दोन विड्या, बायका बत्तीस.
एकशे अठ्ठावीस विड्या
वळायच्या राहून गेल्या त्या वेळात.
शांततेचा दर मी पहिल्यांदाच काढला.

पोशम्मा बोद्दूल सुपातलं एकच पान
उलटंपालटं करत होती.
तिचा अंबादास दारातल्या सहांमधला.
आता दारात पाच होते.
तो आत येत होता, चपला हातात घेऊन,
त्या तेलकट चौकोनांवर पाय देत,
कारण दुसरीकडं पाय ठेवायला जागा नव्हती.

काय बोलला ते मला नीट ऐकू आलं नाही.
‘वाचलं होतं’ म्हणाला की ‘वाचलं नव्हतं’,
मागच्या बायका यावरून अजून भांडतात.
हाजराबीला ऐकू गेलं.
ती बराच वेळ त्याच्या पायांकडं बघत राहिली.
मग सुपातलं पान उचललं
आणि कापलं.

एक कात्री. मग शेजारची. मग भिंतीकडच्या.
पोशम्माची सगळ्यात शेवटी, आणि अडखळत.

वहीत काय लिहायचं?
माफी म्हणावं, तर तो शब्द कुणी उच्चारला नाही.
समेट म्हणावं, तर हाजराबीनं त्याला
बस असंही म्हटलं नव्हतं.
मी लिहिलं: तिसऱ्या विषयावर चर्चा झाली.
त्याखाली मास्तरांनी त्यांच्या तिरक्या अक्षरात घातलं,
हप्त्यांसाठी वर्गणी, माणशी वीस रुपये,
अंबादासचा सहा महिने निम्मा पगार.
मग सह्या. मग अंगठे.
अंगठ्यांना तंबाखू लागलेली,
ते पान उघडलं की मला अजून शिंक येते.

पुढची सभा: पाणी कधी येतंय ते बघून.