हुलगे

भोसरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं
बॉयलरसमोर उभा राहिलेला माझा बाप
आता दापोडीच्या खोलीत स्टुलावर बसून
दंडाला पट्टा बांधून घेतो
आणि मी आकडा वाचायच्या आधी
मशीनलाच विचारतो : "किती किलो?"

एकशे अठ्ठावन्न. खाली शहाण्णव.
"लाल रेघेच्या अलीकडं आहे," म्हणतो.
लाल रेघ कुठली ते सांगत नाही.

मी पाषाणला हुलगे दळते.
दळते म्हणजे : भिजवते, मोड आणते, सुकवते,
भुकटीतलं तेल काढून प्रथिन वेगळं करते,
मग पोटातल्याइतक्या आंबट, पोटातल्याइतक्या कोमट पाण्यात
काचेच्या नळीत त्याचं पचन मांडते.
प्रथिन म्हणजे लांबलचक माळ.
ती तुटते, दोन-दोन तीन-तीन मण्यांचे तुकडे उरतात.
आमच्या भाषेत पेप्टाइड.

रक्तात एक कात्री फिरत असते.
दहा मण्यांच्या एका माळेचे शेवटचे दोन मणी ती कापते.
उरलेले आठ जाऊन
शिरांना सांगतात, आवळा.
हुलग्याचा एखादा तुकडा तिच्या जबड्यात बसतो,
दोऱ्याची गाठ बसावी तसा,
आणि कात्री काही काळ मिटत नाही.

हे सगळं नळीत.
नळीला आतडं नसतं, यकृत नसतं,
टाळेबंदीच्या नोटिशीचा कागद तिनं
खिशात घडी करून महिनाभर वागवलेला नसतो.

सेमिनारमध्ये मी हे नीट सांगितलं.
घरी सांगताना 'नळीत' हा शब्द
आमटीत मीठ राहावं तसा राहून गेला.

आप्पा हसले होते.
"हुलगे? ओतूरला बैलांना भरडून घालायचो.
बैलाला कुठं बीपी असतं, तेही खरंच."
मग शेजारच्या गायकवाडांना, खालच्या गिरणीवाल्याला,
रेल्वे फाटकापाशी बसणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांना
सांगत सुटले : आमची उज्वला
हुलग्यातून दाब उतरवते.

फेब्रुवारीत उशीचा अभ्रा बदलताना
गोळ्यांची पाकिटं हाताला लागली.
तीन. पंधरा-पंधराची.
एकही खड्डा फुटलेला नाही.
ओट्यावर माडग्याचं पातेलं, बुडाशी धरलेलं,
आणि कॅलेंडरवर पेन्सिलीनं नोंदी,
शिफ्टच्या वहीत करायचे तशा, वेळेसकट :
सकाळी सहा, एक वाटी. संध्याकाळी सहा, एक वाटी.
पंचेचाळीस दिवस.

पट्टा बांधला.
एकशे शहाऐंशी.
मशीननं दोनदा तेच सांगितलं.

"तुझ्यावर विश्वास ठेवला," म्हणाले,
"त्यात काय चुकलं?"

माझ्या प्रबंधाला एकशे बारा संदर्भ आहेत.
एकातही याचं उत्तर नाही.

रिक्षानं बोपोडीच्या दवाखान्यात जाताना,
हॅरिस पुलावर सगळं तुंबलेलं,
मी विचारलं, "आप्पा,
सेफ्टी व्हॉल्व्हला तार बांधलीत कधी?"
बराच वेळ ते नदीकडं बघत राहिले.
"मी नाही. दुसऱ्या पाळीचा वाघचौरे बांधायचा.
माल अडला की साहेब ओरडायचा ना.
मी आलो की आधी तार सोडायचो,
मग डबा ठेवायचो."
"तीच बांधलीत तुम्ही."
काही बोलले नाहीत.
पुढच्या रिक्षाचा दिवा लाल होता,
तेवढाच बघत बसले.

आता गोळी माझ्यासमोर घेतात.
रिकामं पाकीट खिडकीत ठेवतात, पुरावा म्हणून.
माडगं सुटलेलं नाही. मी सोडायला सांगितलंही नाही.
पाषाणला नळ्यांवर पट्ट्या चिकटवताना
हल्ली माझा हात जरा थांबतो,
नमुना क्रमांकाच्या खाली
आणखी काहीतरी लिहायचं असल्यासारखा.

काल रात्री पातेल्यात पळी फिरवत विचारलं,
"मीठ?"
म्हटलं, चिमूटभर.
"तुझी चिमूट," आप्पा म्हणाले, "का माझी?"