पाणी कुठवर

दिंडोरी रोडच्या या खोलीतून समुद्र दिसत नाही.
घाट उतरून, दोन-तीन जिल्हे ओलांडून तो आहे.
मी त्याची उंची लिहायला बसले आहे.

तक्ता सात, रकाना चौथा:
'प्रकल्पस्थळी संभाव्य कमाल लाट, मीटरमध्ये.'
मुदत शुक्रवार.
बिस्किट तुटून चहाच्या तळाशी गेलंय
आणि मॉडेल अजून चालतंय,
मकरानच्या भेगेतून सुटलेली लाट
पडद्यावर निळी, मग पिवळी,
किनाऱ्याला लागताना लाल.

शेजारच्या खोलीत खैरनार.
एकतीस वर्षं रोज सकाळी साडेआठला
त्यांनी ड्रमवरचा कागद बदलला.
आता ड्रम काचेच्या कपाटात
आणि खैरनार रोजंदारीवर, जुने कागद स्कॅन करायला.
"हा ट्रक. चढाला गियर टाकला बघा.
हा खाणीतला सुरुंग, बाराला एक मिनिट कमी,
मुकादमाला जेवायची घाई.
आणि हा..."
इथे ते बोट रेषेला टेकवत नाहीत,
"हा खरा. लांबचा. येता येता दमलेला."

मी विचारलं, दहा हजार वर्षांतून एकदा
म्हणजे नेमकं कधी हो?
ते म्हणाले, आपले कागद बाहत्तर सालापासूनचे आहेत, मॅडम.

माघात साइटवर गेले होते.
जांभ्याखालचा काळा पाषाण,
बोअरमधून काढून पेटीत ओळीने निजवलेला,
आमच्या घाटातलाच वाटावा असा.
त्यावर सही केली, मनापासून केली.
पायाचं त्वरण, भिंतीचं त्वरण, नळ्यांचे आधार,
एवढं मला येतं.
पंप कुठे, विचारलं.
नकाशावर बोट ठेवून म्हणाले, इथे.
आणि डिझेल जनित्रं त्याला लागूनच, सोयीचं पडतं.
सोयीचं. पाण्यालाही.

जेटीवर सुगंधा पावसकर जाळं सांधत होत्या.
"तुमच्या गावाला समुद्र आहे?"
नाही म्हटलं. नदी आहे.
"मग तिचं कसं मोजता?"

हे अहवालात कसं घालू
की आमच्याकडे मीटर कुणी विचारत नाही.
गोदेला पूर आला की फोन येतो:
दुतोंड्या मारुतीच्या कुठवर?
गुडघ्याला, म्हणजे टपऱ्या उचला.
कमरेला, म्हणजे गाड्या काढा.
छातीला, म्हणजे सराफ बाजारात जागरण.
गळ्याला आलं तेव्हा मी पाचवीत होते.
वडिलांनी खांद्यावर घेऊन दाखवलं,
एक तोंड पाणी येतं तिकडे, एक जातं तिकडे,
आणि बाजूने भांडी, ओंडके, कुणाची तरी निळी टाकी.
दरवेळी कुणी म्हणतं, याच्यावर कधी गेलं नव्हतं.
आणि दरवेळी कुणाकडे तरी निघतो
एक जुना फोटो
ज्यात मारुतीच नाही.

समुद्रात कुणी मारुती उभा केला नाही.
तिथे नुसतं एक वाक्य उभं आहे:
'इतिहासात नोंद आढळत नाही.'
तीनदा टाइप केलं, तीनदा खोडलं.
नोंद नाही,
की नोंद ठेवणाराच गेला त्या पाण्यात?

सहाला मॉडेलने आकडा दिला,
दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत, अगदी खात्रीने.
दाभाडे साहेब म्हणाले, पूर्णांक करा. खालचा.
समितीला साधारण तेवढाच अपेक्षित आहे.

मी वरचा केला.
त्यावर पेन्सिलीने आणखी एक मीटर.
शेऱ्यात लिहिलं, जनित्रं टेकडीवर न्यावीत.
ते खोडतील. पेन्सिल आहे, खोडता येईल.
म्हणून शाईने गिरवलं.

खैरनार पिशवी घेऊन निघाले होते,
दारात थांबले.
"काय मॅडम, कुठवर?"

अजून दिसतोय, म्हटलं.